टूमर बेटावरचा होकार

शनिवारी सकाळी व्हर्डेल पुलावरून बेटावर आली तेव्हा ओझेला मामी ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. सूप तिनेच विणलेलं होतं, बेटाच्या उत्तर टोकापलीकडे वाळूत उगवणाऱ्या वासाच्या गवताचं. शहरातल्या गोऱ्या बायका तिच्या हातची सुपं भिंतीवर टांगायला विकत नेत, आणि मामीला त्याचं मोठं हसू येई.

"आलीस? हात धू आणि त्या चिंबोऱ्या सोलायला घे," मामी म्हणाली. "शहरात राहून नखं वाढवली असशील, ती आज कामाला येतील."

"मामी, बसू तरी दे."

"बसूनच सोलायच्या असतात. उभं राहून कोण सोलतं?"

व्हर्डेलची आई ती लहान असतानाच गेली. मामीने आणि हेझेकाया मामांनी तिला वाढवलं, शिकवलं. टूमर बेटावरच्या काळ्या माणसांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. आता ती शहरात राज्याच्या किनारा कार्यालयात नोकरीला होती. किनाऱ्यावर कुणी काही बांधणार असेल, मग ते खुद्द केंद्र सरकार का असेना, तर ते काम राज्याच्या किनारा-रक्षणाच्या धोरणाशी जुळतं की नाही, हे तपासणं तिचं काम. भरतीच्या पाण्याखाली जाणारं खाजण बुजवू नये, पूर्वजांच्या जागा मोडू नयेत, लोकांची पाण्याकडे जायची वाट तोडू नये, असं ते धोरण सांगत होतं. धोरण चांगलं होतं. धोरणं बहुधा चांगलीच असतात.

हात धुऊन तिने विहिरीचं पाणी तोंडाला लावलं आणि थांबली.

"पाणी मचूळ लागतंय गं."

"शहरातलं औषधाचं पाणी पिऊन जीभ बिघडली तुझी," मामी म्हणाली. मग सूप मांडीवर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "दोन वर्षं झाली. तुझ्या मामांना विचार, ते म्हणतील गोड आहे."

व्हर्डेलने मान वर केली आणि तिला दक्षिणेकडच्या खाजणात काहीतरी फडफडताना दिसलं. हिरव्या गवतात ओळीने काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीला नारिंगी फडकं होतं. ती ओळ खाडीपासून निघून थेट दफनभूमीतल्या ओकच्या झाडापर्यंत गेली होती. तिथे तिची आई होती, आजी होती, गुलामीच्या काळातली, नावही न उरलेली माणसं होती.

"ते काय आहे?"

"बुधवारी माणसं आली होडीतून. विचारलं तर म्हणाली, मोजणी." मामीने पुन्हा सूप उचललं. "उत्तरेला पण आधी मोजणीच आली होती."

उत्तर टोकाची गोष्ट बेटावर सगळ्यांना ठाऊक होती. केंद्र सरकारने बंदर खोल केलं, तेव्हा तळातून उपसलेला गाळ टाकायला जागा हवी होती. शहरालगत गोऱ्यांची घरं होती, त्यांच्या वकिलांनी आरडाओरडा केला. टूमरवर वकील नव्हते. खाजणाला मातीचा बांध घालून तळं केलं गेलं आणि जाड नळातून काळा, खारा, कुजक्या वासाचा चिखल महिनोन्महिने तिथे पडत राहिला. काही वर्षांत हे वाळेल, मग घट्ट जमीन तुमचीच, असं सांगून माणसं गेली. वरून ते वाळलंही. भेगा पडल्या, मग गवत आलं, मग हरणांच्या पायवाटा उमटल्या. खाली काय होतं ते कुणी पाहिलं नाही.

दुपारी हेझेकाया मामा खांद्यावर पागाचं जाळं टाकून नदीवरून आले. हेझेकाया चिझम म्हणजे प्रार्थनाघराचे प्रमुख, साऱ्या वस्तीच्या वतीने बोलणारे. व्हर्डेलने काठ्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी कोळंबीची बादली सावलीत सरकवली आणि म्हणाले, "सरकारी काम आहे, पोरी. सरकार येतं तेव्हा रस्त्यातून बाजूला व्हावं."

* * *

सोमवारी ते काम तिच्याच टेबलावर आलं. बंदर आणखी खोल होणार होतं. नव्या गाळासाठी दुसरं तळं, टूमर बेट, दक्षिण भाग.

तिचे वरिष्ठ लॅथ्रॉप साहेब मनाने वाईट नव्हते. कर्मचाऱ्यांच्या पोरांची नावं त्यांना पाठ असत, कुणी आजारी पडलं तर ते स्वतः भेटायला जात. पण कार्यालयाची एक रीत होती आणि ते त्या रीतीत मुरलेले होते.

"केंद्राचं काम आहे, व्हर्डेल. 'धोरणाशी शक्य तितकं जुळतं' असं लिहायचं, खाली दोन-चार अटी घालायच्या. कुंपण, पाट्या, देखरेख. तेही खूश, आपणही खूश."

"आणि अटी पाळल्या की नाही, ते कोण बघतं?"

"ते त्यांचं काम."

"साहेब, तुम्ही टूमरला कधी गेलायत?"

लॅथ्रॉप जरा गोंधळले. "पुलावरून गेलोय. पलीकडे, समुद्रकाठच्या हॉटेलात."

"मग एकदा उतरून बघा. तिथे माणसं राहतात. दफनभूमी आहे, पिण्याचं पाणी आहे. हे जुळत नाही."

"तिथल्या लोकांची हरकत असेल तर तसं लिहिता येईल," ते म्हणाले. "चल, विचारूनच येऊ."

व्हर्डेलला बरं वाटलं. निरोप पाठवून दोघं पुलावरून बेटावर गेली.

हेझेकाया मामा रविवारचा काळा कोट घालून फाटकात उभे होते. टोपी हातात होती. लॅथ्रॉप त्यांच्याहून वीस वर्षांनी तरी लहान. पण बोलायला लागले ते सरळ एकेरीत.

"कसा आहेस, हेझेकाया? हे तळं झालं तर तुम्हा लोकांना काही अडचण?"

"नाही साहेब. कसली अडचण?"

"पाण्याचं काही?"

"पाणी गोड आहे, साहेब."

व्हर्डेल पाहत राहिली. हे तेच मामा होते, ज्यांच्या आवाजाने प्रार्थनाघराची तावदानं थरथरत. आज त्यांचा आवाज टोपीत घडी घालून ठेवल्यासारखा झाला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली, "उत्तरेचं कुंपण पडलंय, साहेब. पाट्या वाऱ्याने गेल्या. पोरं जातात तिकडे. आधी ते बघा, मग दुसरं काढा."

"ओझेला," मामा मागे न वळता म्हणाले, "आत जा. कॉफी बघ."

मामी क्षणभर उभी राहिली आणि आत गेली. लॅथ्रॉपनी कॉफी घेतली, मामीच्या हातच्या रताळ्याच्या गोड पक्वान्नाची तोंडभरून स्तुती केली. उत्तरेकडे ते गेले नाहीत. बुटांना चिखल लागेल म्हणाले. गाडीत बसताना हळूच म्हणाले, "तुझ्या मामांचीच हरकत नाही म्हटल्यावर मी काय लिहू?"

ती गाडीत बसली नाही. घरात परत आली.

"मामा, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आईच्या थडग्यावर चिखल टाकणार आहेत ते."

मामा खुर्चीवर बसले. बुटाची नाडी सोडू लागले.

"माझा थोरला भाऊ टोबायस तुला आठवणार नाही. महायुद्धाच्या वर्षांत सरकारला विमानं उतरवायला जमीन हवी होती. तो म्हणाला, माझं शेत मी देणार नाही. त्याने हात उचलला नाही की शिवी दिली नाही. नाही म्हणाला, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर चोरीचा आळ आला. बेड्या घालून रस्त्यावर खडी फोडायला लावलं. परत आला तो रक्त ओकत आला." त्यांनी वर पाहिलं. "शेत गेलं ते गेलंच. आपल्या लोकांना 'हो साहेब' हे घराचं छप्पर आहे, पोरी. तू ते उचकटू नकोस."

"छप्पर गळतंय, मामा."

"गळू दे. डोक्यावर आहे ना."

आतून मामी म्हणाली, "ज्याच्या डोक्यावर गळतं, त्याला विचारा एकदा."

* * *

वासाचं गवत उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओढायचं असतं; कोवळं असतं तेव्हा ते मुळातून सहज सुटतं. त्या गवतापर्यंत जायची जुनी वाट पहिल्या तळ्याखाली गेली होती. तेव्हापासून मामी समुद्राच्या बाजूने लांबचा वळसा घेई. त्या वर्षी त्या वाटेवर नव्या हॉटेलवाल्यांनी फाटक बसवलं. लॅथ्रॉप येऊन गेल्यानंतरच्या मंगळवारी मामी निघाली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. रखवालदाराने पुढे सांगितलं की त्याने तिला परत पाठवलं, आणि ती काही न बोलता वळली.

ती घराकडे वळली नाही. पडलेल्या कुंपणावरून हरणांच्या वाटेने ती तळ्यावरून गेली असावी. जमीन वाळलेली दिसत होती आणि हरणांचे खूर तर समोरच उमटलेले होते. जाताना तिला काही झालं नाही. कारण पलीकडे तिने गवत ओढलं, त्याचा मोठा भारा बांधला. येताना डोक्यावर भारा होता.

दुपारचं जेवण झाकून ठेवून मामा वाट पाहत बसले. ऊन कललं तशी त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. तळ्याच्या मधोमध, भेगाळलेल्या जमिनीवर, हिरव्या गवताचा भारा नीट ठेवल्यासारखा पडला होता. त्याच्याजवळ एक काळं, ओलं वर्तुळ होतं. त्यावर पाणी साचून ते पुन्हा मिटायला लागलं होतं.

माणसांनी फळ्या टाकल्या, होड्या ओढत नेल्या, दोर लावले. व्हर्डेल शहरातून पोहोचली तेव्हा मामीला बांधावर आणून ठेवलं होतं आणि बायका तिच्या तोंडावरचा गाळ ओल्या फडक्याने पुसत होत्या. मामा थोड्या अंतरावर गुडघ्यापर्यंत काळे होऊन उभे होते. त्यांनी भारा उचलून छातीशी धरला होता आणि तो ते कुणाला घेऊ देत नव्हते.

मामीला दक्षिणेच्या ओकखाली, खाडीकडे पाय करून पुरलं. खड्डा खणायला जागा करावी म्हणून नारिंगी फडक्यांच्या दोन काठ्या उपटाव्या लागल्या. पुढच्या आठवड्यात बंदराच्या लोकांनी त्या परत रोवल्या.

* * *

"मला फार वाईट वाटलं," लॅथ्रॉप म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं होतं; त्यांनी फुलं पाठवली होती. "पण जुनं तळं वेगळं आणि नवं वेगळं. केंद्राचं म्हणणं आहे की ती बाई सरकारी हद्दीत विनापरवाना शिरली."

"ती बाई माझी मामी होती. ती हद्द तिच्या वाटेवर घातली होती."

"ते मला कळतं. म्हणूनच म्हणतो, हे काम दुसऱ्या कुणाला देऊ. तू रजा घे."

"रजा नको. आणि 'जुळतं' हा शब्द मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा, नाहीतर मला काढून टाका. पण त्याआधी सुनावणी घ्या. शहरात नाही, टूमरच्या प्रार्थनाघरात. नियमात बसतं."

लॅथ्रॉपनी टेबलावरची तारखांची वही पुढे ओढली. म्हणाले, "ठीक आहे. पण तुझे मामा पुन्हा 'हो साहेब' म्हणाले, तर मी बांधला जाईन. तूही."

हे तिला ठाऊक होतं. त्या रात्रीपासून सुनावणीपर्यंत ती बेटावरच राहिली, पण मामांना तिने एका शब्दाने विचारलं नाही. ते ओसरीवर बसून असत, ती स्वयंपाक करून वाढे, ते जेवत. विचारलं तर काय उत्तर येईल याची तिला धास्ती वाटत होती.

सुनावणीच्या दिवशी हवा कोंदलेली होती. प्रार्थनाघर दारापर्यंत भरलं होतं, पण आवाज नव्हता. माणसं बाकांवर एकमेकांना चिकटून, खाली पाहत बसली होती. केंद्राच्या इंजिनियरने भिंतीवर नकाशा लावला. नकाशात दक्षिण भाग कोरा होता, त्यावर निळा चौकोन. तो तरुण होता, सभ्य होता, घाम पुसत बोलत होता. बंदर म्हणजे राज्याची भाकरी. मोठी जहाजं आली नाहीत तर हजारोंचा रोजगार जाईल. त्यातलं काही खोटं नव्हतं. मग त्याने विचारलं, "कुणाची काही हरकत?"

कुणी हललं नाही. हीच ती शांतता, व्हर्डेलच्या मनात आलं. हिलाच कार्यालयात संमती म्हणतात.

पुढच्या बाकावरून हेझेकाया मामा उठले. टोपी बाकावर राहिली.

"मी बेटाच्या वतीने होकार दिला होता," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "पहिल्या तळ्याला दिला. या दुसऱ्यालाही दिला. कुणाला विचारून दिला नव्हता. माझी बायको दारात उभी राहून सांगत होती, कुंपण पडलंय, पोरं जातात. मी तिला म्हटलं, आत जा. ती गेली." बाकावरच्या कुणीतरी म्हातारीने हुंकार दिला, प्रवचनाला देतात तसा. "मला वाटत होतं, मी हो म्हणालो की माझी माणसं वाचतात. चाळीस वर्षं मी तेच धरून चाललो. आता ऐका. माझी हरकत आहे. ही माणसं इथे पुरलेली आहेत, ही जिवंत माणसं इथलं पाणी पितात, आणि ते पाणी गोड नाही. मी तुमच्या साहेबांना गोड सांगितलं, ते खोटं होतं."

"आपलं दुःख मी समजू शकतो," इंजिनियर म्हणाला, "पण आजचा प्रश्न तांत्रिक आहे."

व्हर्डेल उभी राहिली. "मग तांत्रिकच विचारते. पहिल्या तळ्याला राज्याने कुंपणाची अट घातली होती. ती पाळली गेली?"

"देखभालीची तरतूद पुढे राहिली नाही."

"आणि ते पाहायला राज्याकडून कोण आलं?"

हा प्रश्न इंजिनियरसाठी नव्हता. सगळ्या माना लॅथ्रॉपकडे वळल्या. ते टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते; पाणी मामांच्याच विहिरीचं होतं आणि त्यांनी ते एक घोट पिऊन बाजूला सरकवलं होतं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "आम्ही कुणीही आलो नाही. मी इथे आलो होतो, मिस्टर चिझम, तेव्हाही मी तिकडे गेलो नाही."

मग एकेक जण उठू लागला. एकीने मचूळ पाण्याने पिवळ्या पडलेल्या भाज्या सांगितल्या, एकाने मेलेली कालवं सांगितली. दिवे लावावे लागले तरी माणसं बोलत होती. इतकी वर्षं गिळलेलं ते सगळं ऐकताना व्हर्डेलला समाधान वाटलं नाही, भीती वाटली. हे सगळं इथेच होतं, आणि एक बाई गाळात गेल्यावाचून त्याला वाट मिळाली नव्हती.

* * *

राज्याने हरकत घेतली. त्या कार्यालयाने केंद्राच्या कामाला नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. केंद्राकडून बरेच महिने कडक उत्तरं येत राहिली. आम्ही धोरणाशी शक्य तितकं जुळवून घेतलं आहे, याहून अधिक शक्य नाही, असं त्यात असे. काठ्या खाजणात तशाच उभ्या होत्या. हेझेकाया मामा रोज सकाळी तिथवर चालत जात आणि नवीन काही रोवलं नाही ना, ते बघून येत. अखेर कळलं की गाळ जहाजात भरून लांब समुद्रात टाकायचा ठरला. कारण दिलं होतं, खाजणाखालची माती बांध पेलणार नाही. ओझेला चिझमचं नाव कुठेच नव्हतं.

उत्तरेचं तळं अजून तिथेच आहे. त्याला नवं कुंपण आहे. पाणी पुन्हा गोड झालं नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ यायला पुढे बराच काळ गेला.

यात जिंकलं कोण, हे व्हर्डेलला सांगता येत नसे, आणि कुणी अभिनंदन केलं की ती विषय बदलत असे. एका माणसाच्या बायकोचा जीव गेला तेव्हा तो बोलला, आणि बोलणारा तिचा मामा होता म्हणून ती अडून बसली. ज्या वस्तीतून कार्यालयात कुणी बसलेलं नाही, तिचं काय, हा प्रश्न तिच्या मागे लागला.

दुसऱ्या वर्षी वसंतात लॅथ्रॉपनी तिच्यापुढे नवं काम ठेवलं. दक्षिणेकडची एक नदी, केंद्राचा नवा धक्का, गाळाचं तळं. जागा होती गरीब गोऱ्या कोळ्यांच्या वस्तीलगत.

"इथे तुझं कुणी नाही," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. "ती वस्ती मला माहीत आहे. तुला दारात उभी करणार नाहीत. नकाशावरून केलंस तरी चालेल."

"कुंपणाची अटही नकाशावरूनच घातली होती," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली.

रस्ता खडीचा होता, मग नुसत्या शिंपल्यांचा. वस्तीच्या अलीकडेच खाजणात नारिंगी फडकी फडफडत होती, ओळीने, थेट पाण्यापर्यंत. पहिल्या पत्र्याच्या घरासमोर एक बाई जाळं शिवत बसली होती. अंगणातला कुत्रा भुंकू लागला. बाईने व्हर्डेलच्या काळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गाडीवरच्या सरकारी खुणेकडे पाहिलं, आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून सगळे भाव एकदम पुसले गेले.

"सरकारकडून आलीस ना?" बाई बसल्या जागेवरून म्हणाली. "सांग त्यांना, आमची काही हरकत नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही," व्हर्डेल म्हणाली, आणि गाडीचं दार लावून फाटकाकडे चालू लागली.